कुलपाच्या कडीले अडकलेली

ऐका ना, मित्रांनो. मधात काई विचारू नका, नुसतं ऐका. टाइम कमी आहे. भोंगा एकदा वाजून गेला, अन् तो तीनदाच वाजते.

मी एक जुनी रबरी मासोळी आहो. खेळाची नाई, गळाची. पाठ हिरवी, पोट पांढरं, अंगात चांदीसारखा चुरा, अन् शेपटी अशी की पाणी नुसतं श्वास घेतल्यावानी हाललं तरी नाचे. आता अर्धीच उरली आहे. एक डोळाही गेला. या घडीले मी एका दारावर लटकून आहो. माह्या पोटातून निघालेला गळ दाराच्या कडीत फसला आहे. कडीले कुलूप आहे. अन् कुलपाच्या वर बावीस हात पाणी आहे.

हे पाणी धरणाचं आहे. खाली अख्खं गाव आहे. वरचे लोक याले जुनं गाव म्हणतात, अन् सरकारनं जिथं वसवलं त्याले नवं गाव.

वर, बरोबर माह्या डोक्यावर, पत्र्याचा एक डोंगा उभा आहे. त्यात एकटाच माणूस आहे. तो कोण, अन् मी त्याच्या दाराले कशी लटकली, हे मले तिसऱ्या भोंग्याच्या आधी सांगाचं आहे. म्हणून भराभर सांगते.

मी जन्मली तेव्हा पातळ होती. गरम गरम रबर साच्यात ओतलं, थंडं झालं, अन् कोणीतरी मले केळ्यासारखं सोलून बाहेर काढलं. एका पाकिटात आम्ही पाच बहिणी. नागपूरच्या एका दुकानात खिळ्यावर टांगून होतो, पंख्याच्या हवेनं हालत. तिथून आम्हाले रुपेशनं घेतलं.

रुपेश तळेगावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करते. हप्त्याचे सहा दिवस तांब्याच्या तारा गुंडाळाच्या, अन् सातव्या दिवशी धरण. त्यानं पाकीट घरी नेलं त त्याची बहीण सुरभी आम्हाले बोटानं दाबून पाहून हासली.

"दादा, रबराले मासोळी फसन काय?"

"तू नाई फसली काय? शेजारच्या भैय्याजीच्या घरच्या प्लॅस्टिकच्या सफरचंदाले दात कोणी लावले होते?"

"मी तेव्हा लहान होती."

"मागच्या दिवाळीची गोष्ट आहे."

पण सुरभीनंच आम्हाले वाचवलं, हे सांगाले पाहिजे. रुपेशनं पहिल्या हप्त्यात आम्हाले दुसऱ्या कंपनीच्या मासोळ्याईसंग एका प्लॅस्टिकच्या डब्यात कोंबलं अन् डबा उन्हात ठेवला. चार दिवसानं उघडला त माह्या दोन बहिणी विरघळून एक झालत्या, डब्याच्या बुडाले चिकटून. तेव्हापासून सुरभीनं मले स्टीलच्या डब्यात ठेवलं, एकटीले. मित्रांनो, तुमच्यापाशी माह्यासारखी कोणी असन त तिले असंच ठेवजा.

मंग माह्ये कामाचे दिवस आले. डोंगा हिरालालचा होता. हिरालाल म्हणजे धरणातला सगळ्यात जुना मासेमार, त्याचं जाळं अन् त्याची जीभ, दोन्हीतून कोणी सुटत नाई. रुपेशची पद्धत जाळ्याची नव्हती. वल्हं मारत मारत भिंतीच्या अंगाले जाचं. भिंत म्हणजे धरणाची भिंत. मंग वल्हं ठेवून द्याचं अन् हवेले म्हणाचं, ने. हवा डोंग्याले पहाडाकडे नेत जाये. रुपेश मले समोर फेके. मी हळूहळू उतरे, बुडाले टेके, तो मनगट एवढंसं हालवे, मी उचलल्या जाये, पुन्हा उतरे. उतरतानाच शिंगाळा येऊन धरे. शिंगाळा म्हणजे मिशाईचा मासा, अंधारातून येते, दिसत नाई, फक्त समजते की आपण आता कोणाच्या तरी तोंडात आहो. माह्या तिसऱ्या बहिणीले त्यानंच नेलं. चौथी एका बुडालेल्या झाडाले अडकून राह्यली. पण माह्यी तारीफ लय होये. हिरालाल मले दिव्यापुढं धरून म्हणे, "रुप्या, तुह्या दुकानापेक्षा हेच जास्त कमावते."

हवा जोरात असली की डोंगा पळे, मंग मले बुडाले टेकाले टाइम भेटत नसे. म्हणून सुरभीनं कापसाच्या पोत्याच्या तोंडाले सायकलची जुनी रिंग शिवून देल्ली. पोतं मागून पाण्यात सोडाचं. ते पाण्यानं फुगे अन् डोंग्याले धरून ठेवे, चालू बैलाले कासऱ्यानं धरल्यावानी. हे पोतं लक्षात ठेवा.

अन् अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. दोरी ताणलेली असली की मले वरचं बोलणं ऐकू येते. तुम्ही आगपेटीचा फोन केला असन ना, दोन आगपेट्या अन् मधात धागा? तसं. ढिल्या दोरीतून काईच येत नाई.

त्या दोरीतूनच मी अण्णाजीले ओळखलं.

अण्णाजी म्हणजे रुपेशच्या बापाचा मोठा भाऊ. रुपेश त्याले मोठेबाबा म्हणे. जुन्या गावातच त्याचा जन्म, अन् पाण्याखाली मासे कुठं बसतात हे त्याच्याइतकं कोणाले माहीत नव्हतं, कारण त्याले पाण्याखालचं घर न् घर माहीत होतं. "चावडीच्या जोत्यापाशी सोड," तो म्हणे, अन् मी खाली उतरून पाहो त खरंच दगडगोट्याचं जोतं, अन् त्याच्या फटीत शिंगाळा. "इथं शालूबाईचं जातं होतं," तो म्हणे, अन् माह्या पोटाले गोल गोटा घासे. मले भेव वाटे. वर बसलेला माणूस बोलते अन् खाली तेच निघते. जसं गाव बुडालंच नाई, फक्त त्याच्या तोंडात जाऊन बसलं.

गाव सोडाच्या टायमाले लोकाईनं दारं, छपराचे फाटे, कवेलू, सगळं काढून नेलं होतं. अण्णाजीची माय, आनंदाबाई, दाराले हात लावू दे नाई. ती म्हणे, दार काढलं की घर उघडं पडते. मंग अण्णाजीनं सागवानाचं ते दार ओढून घेतलं, कडी लावली, कुलूप लावलं, अन् चावी करदोड्यात ओवली. माय नव्या गावात दोन महिन्यात गेली. चावी कमरेलेच राह्यली.

हिरालाल त्याले छेडे. "अण्णाजी, मासोळ्या चोरी करतीन म्हणून कुलूप लावलं काय?"

"तुह्यासारखे लोक धरणात फिरतात ना, म्हणून लावलं."

सारे हासत. पण एकदा सारे उतरून गेल्यावर अण्णाजी रुपेशले हळूच म्हणाला, "पोरा, इतके वर्ष झाले, माह्या घरावरून डोंगा एकदाही गेला नाई."

जात नसे, कारण ते घर गल्लीच्या शेवटी होतं, भिंतीच्या अंगाले. मधात चिचेचं एक वाळलेलं झाड पाण्यातून डोकं काढून उभं आहे. हिरालालचा कायदा होता, चिचेच्या पुढं भिंतीकडे कोणी जाचं नाई. डोंगा चिचेपाशी उभा करा, अन् हवा त्याले उलट्या अंगाले, पहाडाकडे नेते. म्हणून अण्णाजी दर वेळेस आपल्या घराकडे पाठ करूनच निघे.

थांबा. ऐकलं? पाणी थरथरलं. हा दुसरा भोंगा.

मागच्या वर्षी याच दिवसात, गणपती उठून आठ दिवस झालते. वरतं कुठंतरी लय पाणी पडलं होतं, पण इथं ऊन होतं. रुपेश, अण्णाजी अन् मी, तिघंच डोंग्यात. चावडीवर डोंगा होता तेव्हा दुरून भोंगा वाजला.

"जिनिंगचा भोंगा," अण्णाजी म्हणाला. "बारा वाजले. जेवून घे."

जुन्या गावाले घड्याळ नव्हतं, मित्रांनो. नदीपलीकडच्या कापसाच्या जिनिंगचा भोंगा वाजला की गाव जेवे. अण्णाजी ज्या गल्लीवर बसला होता त्या गल्लीत तो भोंगाच वाजे. रुपेशनं डबा उघडला. थोड्या वेळानं पुन्हा भोंगा. मंग पुन्हा.

"आज तीनदा काऊन वाजवून राह्यले?"

"पाळी बदलली असन. तू भाकर खा."

अन् मंग डोंगा हालला. मी बुडाशी होती, मले आधी समजलं. वर हवा पहाडाकडे जाऊन राह्यली होती, अन् खाली पाणी भिंतीकडे. सगळा गाळ, सगळी पानं, सगळे बारके मासे एकाच अंगाले निघाले होते, काई न बोलता, मयतीच्या मागं चालल्यावानी. अन् मागं सोडलेलं पोतं त्या पाण्यानं गच्च फुगलं. जे पोतं डोंग्याले धरून ठेवे, तेच आता डोंग्याले ओढून राह्यलं होतं. हवेच्या उलट.

"मोठेबाबा, डोंगा उलटा चालला."

"चालू दे."

"हवा तिकडे अन् आपण इकडे? असं कसं?"

अण्णाजी ऐकूनच नाई राह्यला. त्याचा आवाज दोरीतून उतरला, लहान पोराचा आवाज. "ही चावडी गेली. हे शालूबाईचं. ही हापशी. हे हिरालालच्या सासऱ्याचं, इथं म्हैस बांधत. पाह्य, गल्लीगल्लीनंच चालला. आपल्या घरी चालला."

चिच आली.

"चिच आली, मोठेबाबा. हिरालालकाका पुढं नाई म्हणते."

"एकदा, रुपेश. इतक्या वर्षात एकदा."

रुपेशनं वल्हं उचललं नाई. त्याच्या जागी मी असती त मीही उचललं नसतं कदाचित. चिच मागं गेली. मंग अण्णाजी म्हणाला, "सोड तिले. इथंच. हे माह्यं घर."

रुपेशनं मले सोडलं. मी उतरली.

मित्रांनो, मी काय पाह्यलं ते फक्त तुम्हाले सांगते. घर नव्हतं. भिंती मातीच्या होत्या, त्या पाण्यात विरघळून गेल्या होत्या, माह्या बहिणीईसारख्या. राह्यली होती फक्त गोट्याची चौकट, अन् चौकटीत ते सागवानाचं दार. बंद. कुलूप लावलेलं. दाराच्या या अंगाले पाणी, त्या अंगाले पाणी.

पाण्यानं मले दारावर आपटलं अन् गळ कडीत फसला. दोरी ताणली. डोंगा खटकन उभा राह्यला.

डोंगा उभा राह्यला तेव्हाच त्याईले पाणी दिसलं. पाणी डोंग्याच्या दोन्ही अंगानं आवाज करत पळून राह्यलं होतं. मंग रुपेश बोलला, एकदम बारीक आवाजात.

"मोठेबाबा. कापूस त अजून फुटलाही नाई. जिनिंग कुठून चालू असन?"

रुपेश उठला, डबा गडगडला.

"तो धरणाचा भोंगा होता. तीनदा वाजवून सगळे गेट उघडले."

त्याच दोरीवर दोन जीव होते, अन् दोरी सुतासारखी. माह्या गळाचं टोक कडीत अर्धंच गेलतं. लोखंड शेवाळानं बुळबुळीत. माह्या हातात एवढंच होतं की अंग सैल सोडलं असतं त गळ निसटला असता, मी वर गेली असती, सुरभीच्या डब्यात, जशीच्या तशी. मी सैल नाई सोडलं. मी स्वतःले फाटू देल्लं. पोट चिरत गेलं अन् गळ पुरा आत गेला. तेव्हाच डोळा निघाला.

वर रुपेशनं चाकू काढला. "दोरी तोडतो, डोंगा कलंडून राह्यला."

"दोरी नाई, पोतं. पोतं तोड," अण्णाजी म्हणाला, अन् हा आवाज मोठ्या माणसाचा होता.

पोतं तुटलं. मी पाह्यलं त्याले जाताना, तोंड उघडं, भिंतीकडे. डोंगा हलका झाला. काठावर सुरभी होती, भोंगा ऐकून आलती. ती धावत हिरालालले घेऊन आली, अन् हिरालाल काठावरून ओरडून राह्यला होता. त्याचं बोलणं मले रुपेशच्या तोंडून समजलं. "वल्हं तिरपं धरा म्हणते. पाण्यात तिरपं."

अण्णाजीनं वल्हं तिरपं धरलं. रुपेशनं गळाच्या काठीवरच्या रीळमधून दोरी हळूहळू सोडली. अन् बांधलेला डोंगा पाण्याच्या जोरानंच काठाकडे सरकाले लागला, गोफण फिरल्यावानी. अर्धा तास असन. मी कडी सोडली नाई. काठापाशी बाभळीच्या फांद्या पाण्यातून वर होत्या, रुपेशनं काट्यासकट धरल्या. हिरालालनं दोर फेकला.

रुपेशनं दोरी रीळपाशी तोडली. टोक सोडणार तेवढ्यात अण्णाजी म्हणाला, "थांब." त्यानं करदोडा तोडला. दोरीच्या टोकात चावीचा छल्ला ओवला.

"हे काऊन, मोठेबाबा?"

"हीच मले ओढत होती. जाऊ दे तिले तिच्या घरी."

चावी दोरीवरून घसरत घसरत माह्यापाशी आली. टुक करून माह्या डोक्याले लागली. मंग दोरी ढिली झाली, अन् त्यानंतर मले काईच ऐकू नाई आलं. वर्षभर.

तुम्ही म्हणाल, मंग झालं ना. मलेही तसंच वाटलं. मी, कुलूप अन् चावी, तिघं एका जागी. एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी पुरं उतरलं त हे दार उघडं पडन असं अण्णाजी म्हणत असे. मी वाट पाह्यली. पण या वर्षीही पाणी उतरलंच नाई. एप्रिलमधे उजेड थोडा खाली आला, मेमधे अजून थोडा, अन् मंग पुन्हा वर गेला. अण्णाजी काठावर येऊन बसत असन काय, मले नाई माहीत. रोज कुलपावर शेवाळ चढे अन् रोज एक शिंगाळा येऊन दाराच्या त्या अंगानं या अंगाले जाये. चौकटीच्या बाजूनं. दारातून जाची गरजच नव्हती.

अन् आज सकाळी वरून एक लोखंडी आकडा उतरला. विहिरीत पडलेली बालटी काढतात तो, तीन नांग्यांचा. कितीक वेळ तो गाळ चाचपडत राह्यला. मंग माह्या तुटक्या दोरीत फसला, चावीच्या छल्ल्यात फसला, अन् वरचा दोर ताणला.

दोर ताणला, अन् मले श्वास ऐकू आला. म्हातारा श्वास. वल्हं एकच, ते डोंग्याच्या बुडात गडगडून राह्यलं. दुसरं कोणी नाई. आज रोहणा गावचा बाजार आहे, हिरालाल तिथं गेला असन, डोंगा काठाले सोडून. रुपेश दुकानात. सुरभीले वाटत असन मोठेबाबा घरी झोपले आहे.

"माय," तो म्हणाला, "झोप नाई लागत. दार लावून चावी बाहेर कोणी ठेवते काय? तूच सांग."

तेव्हाच पहिला भोंगा वाजला. मी वाट पाह्यली तो काय म्हणते. तो हळूच म्हणाला, "जिनिंगचा भोंगा. बारा वाजले."

कापूस अजून फुटला नाई, मित्रांनो. त्याले हे माहीत आहे. मागच्या वर्षी त्यानं स्वतः ऐकलं. मंग तो असं काऊन म्हणाला, याचा मी तेव्हापासून विचार करून राह्यली.

दुसरा भोंगा तुमच्यासमोरच वाजला. त्यानं दोर मनगटाले गुंडाळला. दोन फेरे. मले समजलं, कारण दोराचा ताण आता डोंग्याचा नाई, हाताचा आहे. नाडी लागून राह्यली.

आता पाह्या. खाली पाणी थोडं थोडं भिंतीकडे सरकाले लागलं आहे. आज पोतं नाई, पण डोंगा जुना आहे, अन् तो एकटा आहे. मी अंग सैल सोडलं त गळ निसटन. चावी वर जाईन, मीही जाईन. त्याले जे पाहिजे ते त्याच्या हातात येईन, कदाचित तो वल्हं उचलन, कदाचित काठाले लागन. पण सुटलेला डोंगा पाणी नेईन, अन् भिंत दूर नाई. मागच्या वेळेस धरून ठेवलं म्हणून दोघं वाचले. आज धरून ठेवलं त दोर डोंग्याले नाई, मनगटाले आहे. पाणी डोंगा खालून काढून नेईन, अन् तो इथंच राह्यन, दारावर, चावीजवळ. हे दार कशाचंच नाई, हे त्याले कोणी सांगितलं नाई. मी सांगू शकत नाई.

सांगणं एवढंच होतं. हवा एका अंगाले अन् डोंगा दुसऱ्या अंगाले जात असन त डोंग्यात बसून घरं मोजू नका, उठा. अन् घरातलं म्हातारं माणूस झोपलं आहे असं वाटलं, त एकदा उठून पाह्यजा.

दोर ताणत चालला. माह्यं पोट आधीच फाटलं आहे, जास्त वेळ मले विचार करता येणार नाई.

पाणी थरथरून राह्यलं.

हा तिसरा.

सोडू, का धरून ठेवू? माह्या जागी तुम्ही असता, त तुम्ही काय केलं असतं?